पिंग लागतंय, म्हणजे समोरचा पीसी नेटवर्कवर उत्तर देतोय ना, मग केबल काहून उपसता?

लाइट गेली, आली, लिनक्सचा सर्व्हर पुन्हा सुरू झाला, अन् जिनिंगच्या वजनकाट्याच्या पीसीवरचा शेअर (नेटवर्कवरून उघडायचा फोल्डर) गायब! दर हंगामात कुठं ना कुठं हेच. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेटमधून आधीच येऊन पडलेला असतो, चालू होतो रीबूटनंतर. गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग, अन् इकडं सगळे केबल अन् स्विच तपासत बसले.

शेअर जोडायला गेलं की एरर 112, ‘होस्ट इज डाउन’, म्हणजे समोरचा पीसी बंद. हा संदेशच घात करतो! काट्याचा पीसी सुरूच आहे. पण त्याच्या जुन्या विंडोज एक्सपीला फक्त एसएमबी 1 (नेटवर्कवर फायली वाटायची जुनी पद्धत) समजतं, अन् लिनक्सनं 2017 मध्ये, कर्नल 4.13 पासून, ते आपोआप वापरणं सोडलं. डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींच्या, शेवटच्या ओळी वाचायला काय जातं?

एफएसटॅब फाइलमध्ये शेअर जोडायच्या ओळीत ‘व्हर्स=1.0’ टाका, शेअर चालू होतो. पण तात्पुरतंच. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी 1 मधून पसरला होता, तेव्हा काट्याचा पीसी बदला. तोवर त्याला इंटरनेट देऊ नका.

एरर 19 आला तर सिफ्स मॉड्यूलच, म्हणजे असा शेअर जोडणारा कर्नलचा भागच, नाही. उबुंटूवर ‘युनेम -आर’ ही आज्ञा कर्नलची जी आवृत्ती दाखवेल त्याच आवृत्तीचं मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज घाला. नेट नसेल तर ग्रबमधून, म्हणजे सर्व्हर सुरू होतानाच्या मेनूतून, जुना कर्नल निवडा. म्हणून तो काढून टाकू नका, भाऊ.