जरा थांब

काचबिंदूने मामाची दृष्टी गेली त्याला आता सात वर्षं झाली. वेंगुर्ल्याजवळ गाव, आयुष्य एसटीत कंडक्टर म्हणून गेलेलं. आम्ही भाचरांनी वर्गणी काढून गणपतीत त्याला पुस्तकं वाचून दाखवणारं यंत्र नेऊन दिलं. पंधरा दिवसांनी फोन केला, तर यंत्र कपाटात.

का, म्हणून विचारलं तर तक्रारींची पिशवीच रिकामी झाली. चार्जिंग संपत आलं की त्यावर लाल दिवा लुकलुकतो. घरातल्यांनी सांगितलं तेव्हा त्याला कळलं. "ह्यो दिवो माका कशाक?" काय सांगणार! बटणं सगळी एका आकाराची, गुळगुळीत. तिकिटाचा पंच अंधारातही हातात बरोबर बसायचा म्हणे. कौलांवर पाऊस कोसळायला लागला की यंत्राचा आवाज ऐकूच येत नाही. मग हेडफोन लाव की, मी सहज बोलून गेले. तर म्हणाला, दोन्ही कान बुजवले तर खळ्यात कोण आलं ते मला कसं कळायचं? मला हे सुचलंच नव्हतं.

खरी गंमत भाषेची. आपला ज लिहायला एक, बोलायला दोन. 'जरा थांब' मधला दाताशी, म्हातारपणाच्या 'जरा' मधला टाळूशी. यंत्राला टाळूचाच येतो. गोष्टीतली आई पोराला 'जरा थांब' म्हणते, आणि मामाला वाटतं ही म्हातारपणालाच थांबवतेय. दर्या आणि दऱ्या तर यंत्राला एकच. वेंगुर्ल्याच्या माणसाने हे ऐकून घ्यायचं! हिंदीचा आवाज मराठीवर चढवलाय, असा माझा संशय.

बनवणाऱ्यांना कळवायला गेले. फॉर्म इंग्रजीत, आणि शेवटी चित्रांमधले सिग्नल ओळखून दाखवा.

छापील मजकूर मोठ्याने वाचणारं, रे कर्झवाइल या संशोधकाचं यंत्र अमेरिकेत १९७६ साली आलं. ते घडत असताना तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय महासंघातल्या लोकांनी ते वापरून पाहिलं, काय बदलायचं ते सांगितलं. संगणकाचा पडदा वाचणारं, फुकट मिळणारं एनव्हीडीए तर २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानेच लिहायला घेतलं. म्हणजे हे जमतं. आमच्याकडे विचारतात कुणाला? विकत घेणाऱ्या भाच्यांना. मलाही 'प्रॉडक्ट कसं वाटलं' असा मेसेज आला होता, आणि मी पाच तारे देऊन मोकळी झाले होते, यंत्र कपाटात जायच्या आधीच.

माझं म्हणणं एवढंच, की वापरणाऱ्याला फोन करा. त्याच्या बोलीत बोलू द्या, मध्ये तोडू नका. दहातल्या चार सूचना विचित्र निघतील. मामाला पान संपलं की डबल बेल हवी आहे, टण टण. मी हसले. मग लक्षात आलं, सध्या पान कधी उलटलं हे त्याला समजतच नाही.

काल त्याने चौदा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली आहे, मालवणीत, कंपनीसाठी. कुणाला पाठवायची ते शोधतेय. त्याचे रोज दोन फोन: "गेली काय गो?"