'कपॅसिटर काढा, झाली ज्योत': एका प्रतिक्रियेला उत्तर

एलईडी बल्बच्या कवचात ज्योतीसारखा थरथरणारा दिवा कसा बनवायचा, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी: "एवढं रामायण कशाला? एलईडी बल्बमधला कपॅसिटर काढला की तो आपोआप ज्योतीसारखा फडफडतो. लेखकाला कोड लिहायची हौस दिसते. आकृती धड वाचता येत नाही, आणि असे बल्ब तयार मिळतातच."

मतभेद जरूर असावेत. पण समोरच्याची हौस काढण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी माफक अपेक्षा होती. आकृतीतले आकडे बारीक आहेत, हे मान्य. मोठी आकृती टाकतो.

आता तो कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून ठेवणारा भाग. २३० व्होल्टचा पुरवठा ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) गेला की शिखराला सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि ५० हर्ट्झच्या लाइनवर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. मधले खड्डे कपॅसिटर भरून काढतो. तो काढलात की साध्या लिनिअर ड्रायव्हरच्या (ड्रायव्हर म्हणजे एलईडींना हवा तेवढाच प्रवाह देणारं सर्किट) बल्बात एलईडींची माळ फक्त शिखराजवळ पेटते. म्हणजे १०० हर्ट्झची एकसारखी लुकलुक. ती बहुतेकांना दिसतही नाही. बल्ब नुसता मंद वाटतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे येतात आणि काहींचं डोकं दुखतं. ज्योतीची थरथर साधारण १० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते, तीही अनियमित. स्विचिंग ड्रायव्हर (वीज वेगाने चालू-बंद करून प्रवाह सांभाळणारा) असेल तर त्यातला आयसी, म्हणजे चिप, मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. ते दृश्य मरायला टेकलेल्या बल्बचं असतं.

शिवाय ४.७ मायक्रोफॅरडचा तो कपॅसिटर ३२५ व्होल्टला पाव ज्यूल धरून बसतो. डिस्चार्ज न करता बोट लावलंत तर स्विच बंद असूनही सणसणीत झटका देईल. या ड्रायव्हरना बहुधा आयसोलेशन (मेन्सपासून विद्युत अलगपणा) नसतं, त्यामुळे चालू बल्बातले एलईडीचे सोल्डरचे टाकेसुद्धा लाइव्ह. असे ड्रायव्हर दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणूनच 'मेन्सचा भाग पूर्ण काढा, फक्त कवच आणि डिफ्यूझर ठेवा, ५ व्होल्टचा अडॅप्टर वापरा' हे लेखात सर्वांत आधी आहे. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

कोड 'हौसेचा' का नाही, तेही सांगतो. एटीटायनी८५ या छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या ५, ६ आणि ३ क्रमांकाच्या पिनांवर पीडब्ल्यूएमचे (वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करायची पद्धत) तीन चॅनल मिळतात. प्रत्येकावर बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला १ किलोओहमचा रोधक, आणि कलेक्टरला तीन अंबर एलईडी, प्रत्येकाला स्वतंत्र १५० ओहम. एका चॅनलचे एलईडी म्हणजे ज्योतीचा एक थर: खालचा थर जवळपास स्थिर, वरचा सर्वांत चंचल. दर २० ते ८० मिलिसेकंदांनी उजेडाचं रँडम लक्ष्य निवडायचं आणि दर पायरीला उरलेल्या फरकाच्या आठव्या भागाइतकंच सरकायचं. थेट उडी मारली की ज्योत जाऊन वेल्डिंग दिसतं. पीडब्ल्यूएमला उजेडाचा तो आकडा सरळ देऊ नका, त्याचा वर्ग करून द्या. नाहीतर मंद उजेडात पायऱ्या जाणवतात. रँडमचं बीज (ज्या आकड्यापासून रँडम आकडे सुरू होतात तो) ईईपीरॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवून दर वेळी बदला आणि प्रत्येक बल्बात वेगळ्या आकड्यापासून सुरुवात करा, नाहीतर शेजारचे दोन बल्ब कवायत केल्यासारखे एकत्र हलतात. यातलं काय कपॅसिटर काढून साधतं, ते कळवा.

तयार बल्ब मिळतात, हो. घ्या की मग.