पुढे उतारच आहे

निघायच्या आदल्या रात्री मी टूथब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांत हे पुण्यकर्म समजतात; चढावर एकेक ग्रॅम रडवतो म्हणे. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "करवत हातात आहेच, तर जरा पोटाचंही बघा."

बेत असा होता : पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून श्रीवर्धन, आणि मग समुद्र उजव्या हाताला धरून थेट तेरेखोलपर्यंत. एकट्याने. हा शब्द ऑफिसात मी जरा जास्तच वेळा वापरला. वाटेत कोणाची मदत घ्यायची नाही, असा पणही केला. आमच्या घराण्याचं तसंच आहे. शेजारून वाटीभर साखर आणली तर परत जाताना वाटीत साखर आणि वर चार लाडू जातात. उपकार म्हटले की आम्हाला पित्त उठतं. म्हणून पाने, चेनचे तुकडे, जादा ट्यूब, औषधं सगळं बरोबर घेतलं. वजन भरलं १४ किलो. अर्धा टूथब्रश धरून.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. मी माणगावला पोचलो तेव्हा मला उरलेल्या तिघांबद्दल जास्त आपुलकी वाटू लागली.

नकाशात सागरी महामार्ग समुद्राला चिकटून जातो, म्हणून मी तो सपाट धरला होता. कोकणात रस्ता एकतर खाडीत उतरत असतो नाहीतर सड्यावर चढत असतो. मधलं त्याला काही जमत नाही. बागमांडल्याला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. दर वेळी फेरीबोटीत घामाचं मीठ वाळवत बसायचं आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरलं की समोर भिंतीसारखा चढ. तिथे एखादे काका हमखास बसलेले असत.

"पुढे रस्ता कसा आहे हो?"

"हा काय, एवढा चढ. पुढे उतारच आहे."

हे वाक्य मी बाणकोटात ऐकलं, धोपाव्यात ऐकलं, जयगडात तर दोघांनी एका सुरात सांगितलं. उतार कुठेच नव्हता. म्हणजे होता, पण पुढच्या चढाची आठवण करून देण्यापुरता. रत्नागिरीत थिबा राजवाड्यासमोर पाय चोळत बसलो असताना मनात आलं, ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी शिक्षा म्हणून इथे आणून ठेवलं होतं. मी स्वखर्चाने आलो होतो.

विजयदुर्ग सोडून देवगडकडे जाताना, भर दुपारी, मागचं चाक फुस्स झालं. चहूकडे काळा कातळ, सावली फक्त माझी. पंक्चरचे सहा व्हिडिओ पाठ होते, त्यामुळे नवी ट्यूब ऐटीत घातली आणि टायर चढवताना पान्याने तीही चिमटली. मग पॅच लावायला सोल्युशनची ट्यूब उघडली. आत ते वाळून खडा झालेलं.

चिऱ्यांनी भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "चढवा वर."

"नको, नको. मी बघतो."

"बघतंस काय?" त्याने सगळीकडे मान फिरवली. खरंच, बघण्यासारखं काहीही नव्हतं. पण तसा केविलवाणा न होता मदत कशी घ्यायची हेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी सायकल चिऱ्यांवर आडवी झाली आणि मी तिच्या शेजारी.

पुढच्या गावात पंक्चरवाल्याने घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवली, बुडबुडे शोधले, पॅच घासून बसवला. अडलं ते हवेपाशी. माझ्या सायकलचा वॉल बारीक, सुईसारखा. त्याची नळी मोटारसायकलची. "ह्यो कसलो वॉल? घड्याळाचो काटो?" त्याने विचारलं. मग वॉलचं इवलंसं प्लास्टिकचं टोपण घेतलं, ब्लेडने त्याचं टोक छाटलं, उलटं करून वॉलवर फिरवलं आणि त्यावर नळी दाबली. चाक टणक. पैसे विचारले तर पंक्चरचे तेवढे घेतले. "टोपणाचे नको. ता तुमचाच होता."

एवढ्यात मागच्या पडवीतून त्याची आई आली.

"खंयसून इलंस?"

"पुण्याहून, आजी."

"सायकलीन?" तिने मला हेल्मेटपासून बुटापर्यंत सावकाश पाहिलं. "घराकडे भांडान इलंस?"

उत्तराची वाट न बघता तिने पेज आणली, कडेला लोणच्याची फोड. माझा हात सवयीने खिशात गेला, शंभराची नोट बाहेर आली.

"ह्यां हॉटेल न्हय."

"मग मी काय देऊ?"

"पेज निवता, ती खा."

नोट तशीच हातात चुरगळत राहिली. त्या दहा दिवसांतला सर्वांत खडा चढ तोच. वाटी परत देताना आत काहीच घालायचं नाही, हे शरीराला पटेना. घाम आला. पेज संपवली, आणखी हवी का विचारल्यावर पहिल्यांदा "हो" म्हणालो. निघताना तिने दोन नारळ पिशवीत कोंबले. टूथब्रशची गोष्ट मी तिला सांगितली नाही.

त्यानंतर मी सुटलोच. मालवणात कोणीतरी कोकमाची बाटली दिली, वेंगुर्ल्यात काजूची पुडी, शिरोड्यात आणखी एक नारळ. तेरेखोलला पोचलो तेव्हा सामान १९ किलो होतं.

परवा रविवारी सकाळी पौड रस्त्यावर दूध घेऊन येत होतो. नवीकोरी सायकल, चकचकीत हेल्मेट घातलेली दोन पोरं पिरंगुटच्या बाजूला तोंड करून धापा टाकत उभी.

"काका, ताम्हिणीकडचा रस्ता कसा आहे?"

"हा काय, एवढा चढ," मी म्हणालो. "पुढे उतारच आहे. आणि एक मिनिट थांबा, वरून नारळ आणतो."