पाचशे विजेतेपदं नक्की कुणाची? ‘पॅक-१२’च्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीची वर्गणी आणि हापूसच्या पेट्या सोडल्या, तर तिसरा पेटता विषय म्हणजे कॉलेजचे खेळ. पोरं इथल्या कॉलेजांत शिकतात, म्हणून आईबापही त्या त्या रंगाचे टीशर्ट घालून हिरिरीने भांडतात. अशा ग्रुपवर एक मजकूर सध्या फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला, शेवटचा एका काकांकडून, वर ‘नक्की वाचा’ असं लिहून. थोडक्यात असा:

“पॅक-१२ ही अमेरिकेतली सर्वांत यशस्वी कॉन्फरन्स. बारा कॉलेजांनी मिळून ५००हून जास्त राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. फुटबॉल म्हणू नका, बास्केटबॉल म्हणू नका, सगळीकडे दादा. एसईसीवाल्यांना फुटबॉलशिवाय येतं काय? टीव्हीच्या पैशापायी २०२४मध्ये कॉन्फरन्स मोडली आणि ती ५०० विजेतेपदं मातीत गेली.”

(एसईसी म्हणजे आग्नेय अमेरिकेतल्या कॉलेजांची कॉन्फरन्स, आणि फुटबॉल म्हणजे इथला अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल.) आधीच सांगतो, मी पॅक-१२च्याच बाजूचा माणूस. ती मोडली तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण या मजकुरात एक आकडा आणि एक कारण सोडलं, तर धड काही नाही.

“पॅक-१२ने ५००हून जास्त विजेतेपदं जिंकली.” आकडा बरोबर, कर्ता चूक. कॉन्फरन्स म्हणजे आपसात सामने खेळायचे, पंच आणि वेळापत्रक ठरवायचं, टीव्हीचा करार एकत्र करायचा, यासाठी कॉलेजांनी बांधलेली मोट. राष्ट्रीय स्पर्धा भरवते एनसीएए ही देशभरच्या कॉलेज खेळांची संघटना आणि ती जिंकतो एखाद्या कॉलेजचा संघ. करंडक त्या कॉलेजच्या कपाटात जातो. पॅक-१२ने नंतर आपल्या सभासदांच्या करंडकांची बेरीज केली आणि ‘कॉन्फरन्स ऑफ चॅम्पियन्स’ हे बिरुद लावलं. यूसीएलएचा जुना बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन समालोचनाला बसला की हे बिरुद दर पाच मिनिटांनी कानावर यायचं. त्याला तो हक्क होता म्हणा. १९७३च्या अंतिम सामन्यात २२पैकी २१ फटके बास्केटमध्ये टाकून ४४ गुण करणाऱ्या माणसाला कोण अडवणार? २०२४च्या मे महिन्यात तो गेला आणि दोनच महिन्यांत कॉन्फरन्सही रिकामी झाली.

“बारा कॉलेजांनी मिळून.” इथे हसू येतं. स्टॅनफर्ड, यूसीएलए आणि यूएससी या तिघांचीच प्रत्येकी शंभराच्या वर विजेतेपदं आहेत आणि तिघांची मिळून साडेतीनशेच्या वर. म्हणजे साधारण दोन-तृतीयांश बेरीज तीन कॅलिफोर्नियन कॉलेजांची. एकत्र कुटुंबात तीन भाऊ कमावते, बाकीचे पंगतीला, आणि लग्नाच्या पत्रिकेत मात्र ‘आमच्या घराण्याची मिळकत’! वॉशिंग्टन स्टेटच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला विचारा की त्या पाचशेत तुमची किती. विषय बदलेल.

आता हे तिघं एवढं जिंकतात कशात? मजकुरात ज्याचं नावही नाही, ते इथेच दडलंय.

गेल्या काही वर्षांत मुलीमुळे मी वॉटर पोलो, म्हणजे तलावात पोहत चेंडू गोलात टाकायचा खेळ, बघायला लागलो. स्टॅनफर्डच्या एव्हरी ॲक्वाटिक सेंटरला शनिवारी सकाळी जाऊन बसायचं, अंगाला सनस्क्रीन, नाकात क्लोरीनचा वास, पायाशी थर्मास. पाण्यावर सगळं सभ्य दिसतं. पाण्याखाली पोरं एकमेकांच्या चड्ड्या ओढत असतात, लाथा मारत असतात आणि काठावरचा पंच शिट्टी तोंडात धरूनच फिरतो. बाकावर आम्ही मोजकीच माणसं, त्यातली निम्मी खेळणाऱ्यांचे आईबाप. समोरच्या काठावर उभे असतात कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या कॉलेजचे पालक.

पुरुषांच्या वॉटर पोलोची एनसीएए स्पर्धा १९६९पासून होते आणि तिचं विजेतेपद कॅलिफोर्नियाबाहेर कधी गेलेलंच नाही. महिलांची स्पर्धा २००१ला सुरू झाली. २०२५पर्यंत ती यूसीएलए, स्टॅनफर्ड आणि यूएससी या तिघांखेरीज कुणालाही मिळालेली नाही. हा खेळ खेळणारी कॉलेजंच देशात मूठभर. बारमाही उघडे तलाव आणि शाळेपासून खेळणारी पोरं कॅलिफोर्नियात, मग करंडक दुसरीकडे जाणार कुठे? जिंकणाऱ्यांच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही, तो तलाव मी जवळून पाहिलाय. पण याला ‘देशावर सत्ता’ म्हणणं जरा जास्तच.

त्याहून गंमत पुढे आहे. पॅक-१२ वॉटर पोलोची स्पर्धा भरवतच नव्हती! हे संघ खेळायचे ‘माउंटन पॅसिफिक स्पोर्ट्स फेडरेशन’ नावाच्या वेगळ्याच छत्राखाली. पुरुषांच्या व्हॉलीबॉलचं तेच. यूसीएलएच्या अल स्केट्स या एकाच प्रशिक्षकाने पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये १९ विजेतेपदं मिळवून दिली, पुढे २०२३ आणि २०२४ला आणखी दोन आली. ही सगळी पाचशेच्या बेरजेत बसतात. पण ज्या खेळाचं वेळापत्रकसुद्धा पॅक-१२ आखत नव्हती, त्यातलं यश कॉन्फरन्सचं कसं? मंडळाच्या सभासदाच्या मुलाला आयआयटीत प्रवेश मिळाला म्हणून मंडळाने अहवालात ‘आमची कामगिरी’ लिहिण्यातला हा प्रकार.

न्यायाने बोलायचं तर हीच बेरीज दुसऱ्या बाजूने कमीही पडते. एनसीएएने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा घ्यायला सुरुवात केली १९८१-८२च्या हंगामात. त्याआधी त्या एआयएडब्ल्यू नावाची महिलांची स्वतंत्र संघटना घ्यायची. ॲन मायर्स खेळत होती त्या यूसीएलएच्या संघाने १९७८ला तिथे बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. एनसीएएच्या यादीत ते नाही. पोरींनी जिंकलं, देशात पहिल्या आल्या, पण करंडक ‘चुकीच्या’ संघटनेचा म्हणून हिशेबाबाहेर.

ग्रुपवर एकाने खाली “आपल्या सोमदेवचंही धरा” असं जोडलं होतं. सोमदेव देववर्मनने २००७ आणि २००८ला एनसीएए एकेरी जिंकली हे खरं, पण तो व्हर्जिनियाचा, म्हणजे एसीसी (ॲटलांटिक कोस्ट) कॉन्फरन्सचा. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा, थाळीफेकीतला विकास गौडा नॉर्थ कॅरोलायनाचा. एकही पॅक-१२चा नाही, आणि वैयक्तिक विजेतेपदं सांघिक बेरजेत धरतही नाहीत.

“फुटबॉल म्हणू नका, बास्केटबॉल म्हणू नका.” नका म्हणू खरंच, कारण फुटबॉल त्या पाचशेत नाहीच. वरच्या पातळीच्या कॉलेज फुटबॉलचं विजेतेपद एनसीएए देत नाही. इतर सगळ्या खेळांत देते, फक्त या सर्वांत श्रीमंत खेळात नाही. १९३६पासून एपी या वृत्तसंस्थेच्या मतदानाने विजेता ठरू लागला, पुढे प्रशिक्षकांचं वेगळं मतदान आलं, १९९८ला क्रमवारीतल्या पहिल्या दोघांचा अंतिम सामना लावणारी बीसीएस ही पद्धत आली आणि २०१४च्या हंगामापासून निवडक संघांची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ. मधल्या काळात दोन मतदानांचे दोन विजेते निघायचे. १९९७चा विजेता कोण? एपीला विचारा, मिशिगन. प्रशिक्षकांना विचारा, नेब्रास्का.

आणि जिथे अधिकृत करंडक नसतो, तिथे दावा करायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. अलाबामा १८ राष्ट्रीय विजेतेपदं सांगतं, त्यात १९४१ आहे. त्या वर्षी अलाबामा दोन सामने हरलं, स्वतःच्या कॉन्फरन्समध्येही पहिलं आलं नाही आणि एपीच्या यादीत होतं विसावं! कुठल्याशा एका गणिती क्रमवारीत ते वर आलं होतं, तेवढ्या आधारावर १९८०च्या दशकात कॉलेजच्या माहिती विभागाने ते वर्ष, आणखी चार जुन्या वर्षांसोबत, यादीत घातलं. २०१७ला सेंट्रल फ्लोरिडा १३पैकी १३ सामने जिंकलं, प्लेऑफला बोलावणं आलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःलाच राष्ट्रीय विजेते जाहीर केलं आणि डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. मला तो प्रकार मनापासून आवडला. दाव्यांचीच बेरीज करायची, तर प्रिन्स्टन २८ सांगतं आणि येल २७. मग फुटबॉलची बादशहा त्यांची आयव्ही लीग, म्हणजे ईशान्येकडच्या जुन्या नामांकित कॉलेजांची कॉन्फरन्स, ठरेल. त्यातलं बहुतेक यश मोजकीच कॉलेजं खेळत होती तेव्हाचं, आणि आयव्ही लीग रीतसर स्थापन झाली १९५४ला.

पॅक-१२पुरतं बोलायचं तर फुटबॉलचं शेवटचं राष्ट्रीय यश यूएससीचं, २००४च्या हंगामातलं. ओक्लाहोमाला ५५-१९ असं लोळवलं होतं. पण रेजी बुश या खेळाडूने नियमबाह्य पैसे-भेटी घेतल्याच्या प्रकरणानंतर बीसीएसने २०११ला ते विजेतेपद काढून घेतलं. एपीने मात्र आपलं मत बदललं नाही. म्हणजे ते जिंकलं की नाही, हेही कुणाला विचारता त्यावर. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये जॉन वुडनच्या यूसीएलएने १२ वर्षांत १० विजेतेपदं घेतली, त्या पराक्रमाला तोड नाही. पण तो काळ १९६४ ते १९७५चा. कॉन्फरन्सचं शेवटचं १९९७चं, ॲरिझोनाचं. तिथून २०२४पर्यंत कोरडं. वडिलोपार्जित वाडा दाखवून कर्ज मागण्यासारखं आहे हे. महिलांकडे स्टॅनफर्डने २०२१ला जिंकलं, एवढाच दिलासा.

“एसईसीवाल्यांना फुटबॉलशिवाय येतं काय?” बेसबॉल येतो: २०१९पासून २०२५पर्यंत, कोविडचं वर्ष वगळता, प्रत्येक वर्षीचा विजेता एसईसीचा. साउथ कॅरोलायनाच्या मुलींना बास्केटबॉल येतं. २०२५ला पुरुषांचं बास्केटबॉलही फ्लोरिडाने नेलं. उलट फुटबॉलमध्येच २०२३ला मिशिगन आणि २०२४ला ओहायो स्टेट, म्हणजे बिग टेन ही तिसरीच कॉन्फरन्स, वरचढ ठरली. पुढे जाऊ.

“ती ५०० विजेतेपदं मातीत गेली.” टीव्हीच्या पैशामुळे कॉन्फरन्स मोडली, हे कारण मान्य. यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो, युटा बिग १२मध्ये. स्टॅनफर्ड आणि कॅल गेले ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, ज्यांच्या खिडकीतून पॅसिफिक दिसतो ते. पण करंडक कॉलेजांच्या कपाटात होते ते तिथेच आहेत. आता ते कुठल्या कॉन्फरन्सच्या खात्यात मांडायचे, हा कारकुनी प्रश्न उरतो आणि त्याला एक उत्तर नाही.

कनेटिकटच्या महिला बास्केटबॉल संघाचं बघा. २०१३ ते २०१६ सलग चार विजेतेपदं, प्रशिक्षक तेच जीनो ऑरिएमा, कोर्ट तेच. पहिलं मोजलं जातं बिग ईस्टमध्ये, पुढची तीन अमेरिकन कॉन्फरन्समध्ये. मग २०२०ला संघ बिग ईस्टला परतला. मधे बदललं ते फक्त लेटरहेड. किंवा बॉब बोमन घ्या. २०२४ला त्याने ॲरिझोना स्टेटला पुरुषांच्या जलतरणाचं विजेतेपद मिळवून दिलं, पॅक-१२च्या शेवटच्या वर्षात. लगेच तो टेक्ससला गेला, टेक्सस त्याच उन्हाळ्यात एसईसीत गेलं, आणि २०२५चं विजेतेपद एसईसीच्या नावावर लागलं.

उलट दिशेनेही तसंच. युटाच्या मुलींनी जिम्नॅस्टिक्समध्ये एनसीएएची नऊ विजेतेपदं जिंकली, सगळी १९९५पर्यंतची. युटा या कॉन्फरन्समध्ये आलं २०११ला. ॲरिझोना स्टेटच्या बेसबॉलच्या पाच विजेतेपदांपैकी चार डब्ल्यूएसी या दुसऱ्याच कॉन्फरन्समध्ये असतानाची. ही धरायची की नाही? मजकूर काहीच सांगत नाही. आपल्याकडे इंदूरच्या होळकर संघाने सी. के. नायडूंच्या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, पण २०२२ला मध्य प्रदेश जिंकलं तेव्हा सगळ्यांनी ‘पहिलंच विजेतेपद’ म्हटलं. इंदूर तेच, मैदानं तीच, नाव बदललं की खातं कोरं. अमेरिकेत नेमकं उलट: माणूस नव्या घरात आला की जुन्या घरातली भांडीही नव्या घराची.

आणि पॅक-१२ मेलेलीही नाही. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटने नाव, हक्क आणि तिजोरी धरून ठेवली. जुलै २०२६पासूनच्या नव्या पॅक-१२मध्ये बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट, गोन्झागा आणि फ्रेझ्नो स्टेट. यातल्या फ्रेझ्नो स्टेटने २००८ला बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं, आपल्या प्राथमिक गटात चौथं, म्हणजे शेवटचं, मानांकन असताना, आणि अंतिम फेरीत हरवलं होतं एसईसीच्याच जॉर्जियाला. तेव्हा ते खेळत होते डब्ल्यूएसीत.

मी ग्रुपवर काकांना एवढंच विचारलं, की आता हे एक धरून ५०१ म्हणायचं, की स्टॅनफर्ड, यूसीएलए, यूएससी वजा करून पुन्हा मोजायचं? निळ्या टिका दिसल्या. उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने हापूसच्या पेट्यांचा नवा भाव आला.