ताहिनी ऐति एन री?

भाचा बेंगळुरूहून सुट्टीला आला की एरवी कुंद्याच्या मिठाईवर भागतं, यावेळी म्हणाला, "मावशी, हमस करूया की." हमस म्हणजे चण्यांचं अरबी वाटण, नावाचा अर्थसुद्धा हरभराच, मग काय, रात्री काबुली चणे भिजवले, लिंबू होतं, लसूण होता, ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, तेवढी नव्हती. रविवार पेठेत मिळत नाही असं काय आहे जगात, म्हणून दोघं पिशवी घेऊन निघालो आणि तिथंच चुकलं.

बेळगावात एका वाक्यात तीन भाषा घातल्याशिवाय उधारीसुद्धा मिळत नाही, त्यामुळं गल्ल्यावरच्या अज्जांना मी माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं, "ताहिनी ऐति एन री?", म्हणजे ताहिनी आहे काय हो. आता कन्नडात तायी म्हणजे आई आणि नी म्हणजे तू. अज्जांनी चष्मा वर केला, माझ्याकडं बघितलं, आणि शांतपणे मराठीत म्हणाले, "आई जाऊन 40 वर्षं झाली की हो."

भाच्यानं घाईघाईनं मोबाईलवर फोटो दाखवला. "हे एळ्ळु हाय की, तीळ! पॉलिशचे पाव किलो देऊ काय? जरा भाजायचे, मिक्सरला वाटायचे, झालं." मी हो म्हणणारच होते, पण भाचा कानात, "मावशी, ऑथेंटिक नाही होणार." झालं, मला चेव आला. खडे बाजारात एकानं कारळ्याची चटणी काढून दिली, गणपत गल्लीत एकानं पीनट बटर, आणि एक जण तर म्हणाला संक्रांतीला या.

शेवटी टिळकवाडीत एका सुपरमार्केटच्या अगदी खालच्या रॅकवर, सोया सॉसच्या मागं, धूळ खात एक बाटली सापडली. किंमत बघून मी भाच्याकडं बघितलं, त्यानं मोबाईलकडं. लेबलवर घटक: तीळ. एवढंच. आणि ताहिनी हा शब्द अरबीतल्या दळणे या अर्थाच्या शब्दावरून आलाय हे त्यानं मला बिल दिल्यावर वाचून दाखवलं.

घरी झाकण उघडलं तर वर दोन बोटं तेल आणि खाली गच्च दगड. चमचा घातला तो उभाच राहिला, जोर लावला तर तेल उसळून ओट्यावर. यांनी "दे इकडं" म्हणून बाटली घेतली आणि चमचा वाकवून परत दिली. मग गरम पाण्यात बाटली ठेवून, सुरीनं तळापासून टोचत टोचत कशीबशी हलवली. लिंबू पिळलं तर आणखीच आवळून आली, रडायची वेळ आली, पण बर्फाचं पाणी चमचा चमचा घालून फेटत गेले तशी एकदम सैल झाली आणि रंग बघा, सायीसारखा पांढरा! तेवढं एक मात्र बघण्यासारखं होतं हां.

जेवताना मामंजींनी ज्वारीच्या भाकरीला लावून खाल्लं, दोन घास गप्प, मग म्हणाले, "पिठलं बरं झालंय, फोडणी द्यायची विसरलीस काय?" मी म्हटलं विसरले, आणि उठून मोहरी, लसूण, लाल मिरचीची चरचरीत फोडणी ओतली. भाच्यानं तीनदा वाढून घेतलं, ऑथेंटिकचं नाव काढलं नाही.

परवा साखर आणायला रविवार पेठेत गेले तर अज्जांनी लांबूनच हाक मारली, "काय हो, सापडली काय आई?"