ठोकायचं का सोडायचं? कन्ना चौकातला कट्टा

परवा रात्री कट्ट्यावर जे वाजलं ते लिहून काढायचंच असं ठरवलेलं, कारण परीक्षा तोंडावर आल्यात आणि चार पर्यायांच्या पेपरात न येणारं उत्तर अंदाजानं ठोकायचं का कोरं सोडायचं, घरोघरी हाच विषय चालू आहे. आमचा कट्टा म्हणजे सोलापूरच्या कन्ना चौकातनं आत वळलं की एका बंद दुकानाची पायरी, समोर चहाची टपरी. एप्रिलचं ऊन दिवसभर त्या फरशीत मुरतं, रात्री नऊला पण बूड भाजतं, तरी बसतोच. मास्तर आहे, झेडपीच्या शाळेवर, स्कॉलरशिपची पोरं तयार करतो. वकील आहे. पैलवान आमच्यात सगळ्यात लहान, पोलीस भरतीची तयारी करतोय. अण्णाचे पूर्व भागात टॉवेलचे चार लूम, त्याची पोरगी यंदा नीटला बसतीय. आणि मी, माझं झेरॉक्सचं दुकान, अर्ध्या क्लासवाल्यांचे पेपर माझ्याच मशीनमधनं निघतात.

तोंड पैलवाननं फोडलं. म्हणला, "आमचे सर म्हणलेत, येत नसलं की सगळीकडं सी ठोकायचं. सी जास्त वेळा येतो म्हणे."

वकील लगेच उसळला. "हेच! ह्याच्यामुळंच पोरं खलास झाली. चार गोल दिलेत, एक काळा करायचा, डोकं घरी ठेवून आलं तरी चालतंय. आम्ही लिहीत होतो बे, दहा-दहा मार्काची उत्तरं. ह्यांना चार ओळी लिहायला सांग, घाम फुटतो."

मास्तर शांतपणे म्हणला, "तुला एक प्रश्न विचारतो, चार पर्याय देतो, डोकं घरी ठेवून सोडव. सोलापूरहून पंढरपूरला गाडी ताशी ४० नं गेली, त्याच रस्त्यानं परत येताना ताशी ६० नं आली. सरासरी वेग किती? ४५, ४८, ५०, ५२."

वकील म्हणला, "पन्नास." एक सेकंद पण नाही घेतला. पैलवान पण मान हलवायला.

"अठ्ठेचाळीस," मास्तर म्हणला. "अंतर १२० धर, सोपं पडावं म्हणून. जाताना तीन तास, येताना दोन तास. २४० किलोमीटर, पाच तास. भागाकार कर. हळू गेलास तेव्हा रस्त्यावर जास्त वेळ होतास, म्हणून सरासरी ४० कडं सरकते. आता सांग, ५० हा आकडा पेपर काढणाऱ्यानं उगं टाकला का? त्याला माहितीय तू बेरीज करून दोननं भागणार. तू कुठं चुकणार ते आधीच ओळखून तिथं खड्डा खणून ठेवलाय त्यानं, आणि तू सरळ जाऊन पडलास."

वकील गप्प झाला, पण ऐकला नाही, म्हणला हा एक प्रश्न चांगला असंल, बाकीचे सगळे पाठांतराचे. मास्तरनं ते अर्धं मान्य केलं. म्हणला वाईट प्रश्न भरपूर असतात, साल विचारणारे, नाव विचारणारे. पण साल-नावातही सापळा असतोच. आणि मग त्यानं जे उदाहरण दिलं ते मला अजून टोचतंय, कारण ते आपल्या गावचं आहे. १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना फाशी १२ जानेवारी १९३१. कुठं दिली? पर्यायात सोलापूर आणि येरवडा दोन्ही असले तर आपली पोरं डोळे झाकून सोलापूर करतात. पुतळे रोज बघतात, बारा जानेवारीला हार घालताना बघतात, म्हणजे इथंच झालं असणार. फाशी येरवड्याला झाली. पैलवान म्हणला, "मी पण सोलापूरच केलो असतो." चौकाचौकात ज्यांची नावं आहेत त्यांच्याबद्दल आपल्याला अर्धंच माहिती असतं आणि पर्याय बरोबर त्या अर्ध्यावर बोट ठेवतो.

तेवढ्यात अण्णा म्हणला, "ते सगळं राहू द्या, माझ्या पोरीनं ठोकायचं का सोडायचं ते सांगा. घरात रोज भांडण आहे. क्लासवाले म्हणतात शंका आली की सोड, तिचा मामा म्हणतो सगळं रंगवून ये."

इथं मी बोललो, कारण ह्या विषयात माझी जखम आहे. २०२२ ची राज्यसेवा पूर्व. शंभर प्रश्न, दोनशे मार्क, चूक झाली की एका प्रश्नाच्या मार्काचा पाव भाग कापणार, म्हणजे अर्धा मार्क. मी ज्या क्लासला होतो तिथं एकच मंत्र, शंका असेल तर हात लावू नका. मी नऊ प्रश्न असे सोडले की ज्यात दोन पर्याय मी स्वतः उडवलेले होते, राहिलेल्या दोनात अडकलेलो. नऊच्या नऊ कोरे. चार मार्कांनी गेलो. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा कळलं. दोनावर आलेले दोन प्रश्न रंगवले, समज एक बरोबर एक चूक, तर दोन मिळाले अर्धा गेला, दीड मार्क हातात. नऊ प्रश्नांचे सरासरी पावणेसात होतात. नशीब थोडं वाईट धरलं तरी मी त्या चार मार्कांच्या पार गेलो असतो. त्या सरांनी कधी फळ्यावर हा हिशेब मांडला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, फी घेऊन एवढं तरी सांगायला पाहिजे होतं.

मास्तर म्हणला, "म्हणून परीक्षा बघून बोलायचं. ह्याच्या पोलीस भरतीला निगेटिव्ह नाही, सीईटीला नाही, तिथं कोरा गोल ठेवणं म्हणजे पैसे रस्त्यावर टाकून येणं. सी ठोक नाहीतर ए ठोक, अक्षरात काही जादू नाही, पण कोरं ठेवू नको. नीटला बरोबरला चार, चुकीला वजा एक. पूर्ण अंधारात चार प्रश्न ठोकले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक, चार वजा तीन, एक मार्क. तो एक मार्क पण सरासरीचा आहे हां, आठ ठोकले आणि आठही गेले असं होऊ शकतं. त्यामुळं अजिबात ओळखीचा नसलेला प्रश्न सोडला तर रडायचं कारण नाही. पण दोनावर आणलेला प्रश्न सोडायचा नाही. दोन प्रश्नांमागं तीन मार्क पडतात तिथं."

अण्णानं बोटावर मोजून बघितलं. दोनदा मोजलं. मग म्हणला, "म्हणजे ठोकायचं शिकवायचं नाही, दोन उडवायचं शिकवायचं."

मला वाटतं सगळ्या चर्चेत ह्याच्याइतकं नेमकं कुणी बोललं नाही.

मग पैलवाननं त्याचं दुखणं काढलं. मागच्या भरतीत मैदानावर ५० पैकी चांगले मार्क पडलेले, १६०० मीटर, गोळा, सगळं झकास. लेखीत ३८ नंबरचा प्रश्न नंतर करू म्हणून सोडला आणि ३९ चं उत्तर ३८ च्या गोलात रंगवलं. तिथनं पुढं सगळं एक-एक घर वर. ६१ ला ध्यानात आलं. काळा बॉलपेन, खोडता येत नाही. सांगताना त्याचा आवाज बसला, आम्ही कोणी काही बोललो नाही, वकिलानं गुपचूप चहा सांगितला. मास्तर त्याला म्हणला, सोडलेल्या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेत मोठा गोल कर आणि दर पाचाला प्रश्नाचा नंबर आणि गोलाचा नंबर बोट ठेवून जुळव, पाच सेकंद जातात. माझ्या दुकानात ओएमआरच्या, म्हणजे उत्तराचे गोल असलेल्या कागदाच्या, कोऱ्या झेरॉक्स मिळतात, दोन रुपयाला एक, तरी पोरं घरी पेपर सोडवताना वहीत एबीसीडी लिहितात आणि गोल पहिल्यांदा परीक्षेतच रंगवतात. ह्याच्यासारखी वाईट सवय नाही.

चहा आला तसा वकील परत पेटला. "आणि पहिलं आलेलं उत्तर बदलायचं नाही, हे तरी बरोबर ना? माझे वडील सांगायचे."

"सगळ्यांचे वडील सांगायचे," मास्तर म्हणला, "पण ते बरोबर नाही." अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जस्टिन क्रुगर आणि त्याच्या जोडीदारांनी दीड हजारावर विद्यार्थ्यांच्या पेपरावरची खोडाखोड मोजली, २००५ साली छापून आलं. बदललेल्या उत्तरातली ५१ टक्के चुकीची होती ती बरोबर झाली, २५ टक्के बरोबरची चूक झाली, राहिलेली चुकीची दुसरी चुकीचीच. म्हणजे बदलल्यानं फायदा होणारे दुप्पट. वकील म्हणला मग सगळ्यांना उलटं का वाटतं? मास्तर म्हणला, बदलून चुकलेलं आयुष्यभर लक्षात राहतं, बदलून बरोबर आलेलं कोण लक्षात ठेवतो. मात्र हे पण खरं की आपल्याकडं पेनानं रंगवल्यावर बदलायची सोयच नाही, सीईटी कॉम्प्युटरवर आहे तिथं जमतं, बाकी ठिकाणी काय बदलायचं ते गोल रंगवायच्या आधी. आणि कारण सापडलं तरच बदलायचं, नुसतं पोटात गोळा आला म्हणून नाही.

दहा वाजत आले तेव्हा अण्णाची पोरगी आली, घराची किल्ली मागायला. अभ्यासिकेतनं परत निघालेली, पाठीवर बॅग, हातात त्याच दिवशीच्या टेस्टचा पेपर. अण्णा म्हणला मास्तरला दाखव. ती आधी नको म्हणली, मग दिला. १८० प्रश्न. १२१ बरोबर, ४४ चूक, १५ सोडलेले. ४८४ वजा ४४, चारशे चाळीस.

मास्तरनं विचारलं, चुकलेल्या ४४ चं काय केलंस? म्हणली, उत्तरं बघितली, स्पष्टीकरण वाचलं. "समजलं?" "हो, सगळं समजलं." मास्तर म्हणला सगळी पोरं हेच म्हणतात, उत्तर समोर ठेवून वाचलं की सगळंच समजतं. तिथंच त्यानं तो २००६ चा प्रयोग सांगितला, रोडिगर आणि कार्पिक म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी काही विद्यार्थ्यांना उतारा परत परत वाचायला लावला आणि काहींना एकदा वाचून न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं, आठवड्यानं विचारलं तर आठवणारे पुढं. परीक्षा काय पाच मिनिटांनी नसते.

मग आम्ही टपरीच्या उजेडात ते ४४ प्रश्न बसून लावले. तीन ढीग. येतच नव्हतं, येत होतं पण हिशेबात चुकलं, आणि प्रश्नच नीट वाचला नाही. तिसऱ्या ढिगात १७ निघाले. सतरा! कुठं 'नाही', कुठं 'अयोग्य', कुठं 'वगळता'. तिचं तोंड उतरलं. मी म्हणलो अगं ही चांगली बातमी आहे, ह्या सतरासाठी एक पान नवीन वाचायचं नाही, चुकीचा एक परत मिळतो आणि वर चार, पाच गुणिले सतरा, पंच्याऐंशी, ४४० चे ५२५. तिनं माझ्या हातातनं पेपर घेतला आणि स्वतः परत मोजले.

त्यातला एक प्रश्न असा. खालीलपैकी कोणते संप्रेरक पियूष ग्रंथीतून स्रवत नाही? पहिला पर्याय वाढीचं हार्मोन. हिनं तोच रंगवलेला. 'नाही' सुटला, पहिलाच पर्याय पिट्युटरीचा, म्हणजे पियूष ग्रंथीचा दिसला, झालं, पुढचे तीन वाचलेच नाहीत. मास्तरनं दोन गोष्टी सांगितल्या, 'नाही' दिसला की पेनानं त्याच्याभोवती चौकोन, आणि शक्य तिथं पर्याय हातानं झाकून आधी स्वतः उत्तर बोल, मग हात काढ. स्कॉलरशिपच्या पोरांना तो हेच करायला लावतो, आठवीच्या पेपरात तर काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे, दोन्ही गोल रंगवावे लागायचे, तिथं पहिलं दिसलं की थांबणारं पोरगं हमखास मार खायचं.

अण्णा एवढा वेळ गप्प होता. मग हळूच म्हणला, "मास्तर, मी सातवी. मला ह्यातलं ओ का ठो कळत नाही. मी हिला काय मदत करू? पैसे भरतो तेवढंच."

मास्तर म्हणला, "टॉवेलमध्ये फॉल्ट आला तर तू काय करतोस?"

"काय करतो म्हणजे? उभा धागा तुटलाय का आडवा बघतो. दोन्ही ठीक असले तर मशीन बघतो. एकेक सोडत जायचं."

"तेच हिला विचार. रोज दहा प्रश्न. बरोबर उत्तर कुठलं ते विचारूच नको. राहिलेले तीन का नाहीत, ते विचार. तिला सांगता आलं तर तिला येतंय. अडखळली तर तिथं खूण कर, तो भाग परत वाचायचा. तुला उत्तर माहिती असायची गरज नाही, अडखळलेलं तुला बरोबर कळतंय, बाप आहेस."

वकील म्हणला हे मात्र आमच्या तोंडी परीक्षेसारखंच झालं की. मास्तर म्हणला मग आपण काय वेगळं म्हणायलोय.

अण्णानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पेपर टपरीच्या बल्बकडं धरला. अक्षरं जुळवत वाचलं, मराठीच पेपर होता पण अण्णाच्या घरी तेलुगू, त्यात हे शब्द. "वाढीचं हार्मोन का नाही?"

"ते पिट्युटरीतनंच येतं अप्पा, म्हणून ते उत्तर नाही."

"बरं. प्रो... प्रोलॅक्टिन का नाही?"

"ते पण तिथलंच."

"टीएसएच?"

ती थांबली. अण्णानं मान वर करून तिच्याकडं बघितलं, पेन उघडलं. "थांबा, थांबा," म्हणली, "नाव थायरॉइडचं आहे त्याच्यात, पण ते येतं पिट्युटरीतनंच, तिथनं जाऊन थायरॉइडला कामाला लावतं. मग थायरॉइड थायरॉक्सिन काढतं. म्हणून चौथं. थायरॉक्सिन."

अण्णा मास्तरकडं वळला, बरोबर का म्हणून. मास्तरनं हातानंच खूण केली, मला नको विचारू, पुढचा घे.

"त्रेसष्ट," अण्णा म्हणला, आणि पायरीवर तिला बसायला जागा केली.