बसा मागे, सोडतो

कोकणात बसायला कारण लागत नाही, धावायला लागतं. आमच्याकडे माणूस रस्त्यावर धावताना दिसला की त्याचे तीनच अर्थ निघतात. एसटी चुकतेय, कुत्रं मागे लागलंय, नाहीतर घरी काहीतरी झालंय. चाळिशी उलटलेला, पोट असलेला, पगारदार माणूस मुद्दाम बूट घालून, कोणी न सांगता, जिथून निघाला तिथेच परत यायला धावतोय, हा चौथा अर्थ रत्नागिरीत अजून कोणाच्या पचनी पडलेला नाही.

माझं कारण तसं साधं. डॉक्टर म्हणाले शुगर बॉर्डरला आहे, चालायला लागा. चालायला गेलो तर दर दहा पावलांवर ओळखीचं कोणीतरी, उभं राहून गप्पा, चहा, चहाबरोबर दोन बटर, म्हणजे शुगर बॉर्डर ओलांडून पलीकडे. म्हटलं धावूया, धावणाऱ्याला कोण थांबवणार. सगळे थांबवतात!

मी सकाळी मारुती मंदिराहून निघतो, जयस्तंभावरून खाली भाट्याच्या पुलाकडे. या एवढ्या टप्प्यात किमान एक स्कूटर तरी बाजूला येऊन हळू होतेच. "काय झालं?" "काही नाही, धावतोय." "ते दिसतंय हो, पण झालं काय?" आता धापा टाकताना शुगर, बॉर्डर, डॉक्टर एवढं सगळं सांगणं शक्य नसतं, म्हणून मी नुसता हात हलवतो, आणि त्या हात हलवण्यावरून माणसं काय काय अर्थ काढतात ते संध्याकाळी घरी फोन आला की कळतं. बायकोला एकदा कोणीतरी विचारलं होतं, सगळं ठीक आहे ना, हे सकाळी सिव्हिलच्या दिशेने पळत होते म्हणून.

ऑफिसातला एकजण मूळचा कुडाळचा. त्याला मी पुलावर सापडलो. "अरे खंय चललंस धावत? बस मागे, सोडतंय." म्हटलं नको, व्यायाम चाललाय. ठीक आहे म्हणाला पण गेला नाही, सेकंड गिअर टाकून माझ्या बरोबरीने चालला आणि महागाई भत्त्याचा फरक या महिन्यात मिळणार की पुढच्या, यावर बोलायला लागला. पूल संपेपर्यंत मी हं हं करत होतो, नंतर तेही जमेना. तेव्हा म्हणतो, "बघ, धाप लागली तुका, म्हणान सांगतंय बस."

पण खरी कमाल एसटीची. भाट्याच्या पुढे झरी विनायकाचं देऊळ मागे टाकलं की रस्ता कसोपकडे चढायला लागतो, आणि हा चढ असा आहे की धावणारा आणि चालणारा यातला फरक फक्त धावणाऱ्यालाच माहीत असतो. मी असाच मान खाली घालून चढत होतो, मागून पावसला जाणारी एसटी आली आणि चक्क थांबली. त्या चढावर! लाल डबा चढावर थांबवून परत उचलणं म्हणजे काय ते ड्रायव्हरलाच विचारा. मला पळताना बघून त्या माणसाने माणुसकी दाखवली होती. कंडक्टरने दार उघडलं, "चला चला चला." मी हाताने नको नको. अख्खी गाडी खिडकीतून बघतेय, मासळीची टोपली घेऊन बसलेल्या दोघी, शाळेची पोरं, एक आजोबा मफलरमध्ये. कंडक्टर म्हणाला, "यायचं नाहीये?" म्हटलं नाही. "मग धावता कशाला?" आणि धाडकन दार लावलं. मी खूप विचार केला, पण या प्रश्नात तर्काची चूक मला अजून सापडलेली नाही.

म्हणून मग रस्ता सोडून समुद्रावर जायचं ठरवलं. भाट्याची पुळण लांबच्या लांब, एका बाजूला सुरूबन, सकाळी माणूस नाही, विचारणार कोण? तर तिथे वेगळीच भानगड. ओल्या कडक वाळूवर धावणं म्हणजे सुख, पण ती वाळू समुद्र कधी उघडी करेल ते आपल्या हातात नाही. इंटरनेटवरून घेतलेल्या ट्रेनिंग प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं मंगळवारी टेम्पो म्हणजे सलग जोरात, गुरुवारी इंटरव्हल म्हणजे थांबून थांबून जोरात, रविवारी लाँग रन. समुद्राला वार कळत नाहीत, तो तिथीवर चालतो. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणा की भरतीची वेळ आली. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती, म्हणजे ओली वाळू पाण्याखाली आणि मी वर भुसभुशीत रेतीत घोट्यापर्यंत रुतलेला. अमावास्येला बाराच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सहाला मस्त सुकती, म्हणजे ओहोटी, पुळण टेबलासारखी सपाट. टेम्पो रनला याहून चांगला दिवस नाही.

आणि अमावास्येला आई समुद्रावर जाऊ देत नाही.

पौर्णिमेचंही गणित तेच, पण पौर्णिमेला समुद्र उधाणलेला असतो म्हणून तीही नाही. मी भरती-सुकतीचं कोष्टक दाखवलं, चंद्र-सूर्याचं गुरुत्वाकर्षण समजावलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते चंद्राचं चंद्राकडे, अवसेला समुद्रावर जायचं नाही." मग उरली प्रतिपदा. त्यामुळे जगात बाकीचे लोक आठवड्याचा प्लॅन करतात आणि माझा ट्रेनिंग प्लॅन भिंतीवरच्या कॅलेंडरवर, संकष्टी आणि एकादशीच्या मध्ये, पेन्सिलने लिहिलेला आहे. त्याखाली गॅसचा नंबर लावल्याची तारीख पण आहे.

पावसाबद्दल थोडक्यातच सांगतो कारण पावसाबद्दल कोकणातल्या माणसाने बोलायला लागायचं नसतं, थांबवत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात धावण्याचे बूट एकदा जूनमध्ये भिजले की थेट नवरात्रात वाळतात. मी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते फ्रिजच्या मागे ठेवायचो. एकदा बायको म्हणाली, सुके बोंबील इतके दिवस ठेवत नाहीत, घ्या बाहेर. बोंबील डब्यात होते. वास बुटांचा होता.

आणि पाऊस संपला की दमट हवा आहेच. घाम कितीही आला तरी तो वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही, आणि आमच्याकडे हवेत आधीच एवढं पाणी की घाम जाणार कुठे, तो नुसता वाहतो, बुटात जमतो आणि पचक पचक वाजतो. पुण्याचा मित्र ज्या पेसला, म्हणजे वेगाला, राजकारणावर गप्पा मारतो त्या पेसला माझं घड्याळ मनगटावर थरथरून, हार्ट रेट बघा, हार्ट रेट बघा, असं करत असतं. बरं, त्याला सांगितलं तर म्हणतो, तुमच्याकडे काय बाबा, ऑक्सिजनच ऑक्सिजन.

तर एवढं सगळं असताना माणूस शर्यतीत का जातो? माझ्यापुरतं उत्तर आहे, बिब. छातीवर चार पिनांनी नंबराचा कागद लागला की माणूस अधिकृत होतो. कोणी विचारत नाही काय झालं. कोणी म्हणत नाही बसा मागे. हजार-बाराशे रुपये फी ही माझ्या मते धावण्याची नसतेच, रस्ता तर रोज फुकट आहे, ती फी त्या दिवशी कोणी स्कूटर आडवी घालणार नाही याची असते.

पहिली शर्यत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची, दहा किलोमीटर. वेळ सकाळी सहा. सहाला झुंबा सुरू झाला. साडेसहाला पण झुंबाच. प्रमुख पाहुणे येईपर्यंत आम्ही इतके नाचलो की काही जणांची पोटरी तिथेच गेली. मग सत्कार, नारळ, दोन शब्द, आणि झेंडा पडला तेव्हा ऊन वर आलेलं. माझ्या घड्याळाने शेवटी नऊ पॉइंट दोन दाखवलं. संयोजकांना विचारलं तर म्हणाले, तुमचं घड्याळ चायनाचं असेल. टी-शर्ट एल सांगितलेला, मिळाला एस, तो आता मुलगा क्रिकेटला घालतो. पोहे मात्र चांगले होते, वर ओलं खोबरं भरपूर.

हाफ मॅरेथॉनचं प्रकरण वेगळं, ती नीट होती, वेळेवर सुटली, ठरल्या वेगाने धावून बाकीच्यांना वेळेत नेणारे पेसर होते, पाण्याची टेबलं होती. एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्याण्णव मीटर. हे वरचे सुट्टे मीटर कुठून आले, तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून. विंडसरच्या राजवाड्यापासून सुरुवात आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर शेवट, म्हणून सव्वीस मैल आणि ३८५ यार्ड, त्याचे झाले ४२.१९५ किलोमीटर, १९२१ मध्ये तेच कायम केलं, आणि त्याचं अर्धं माझ्या वाट्याला. थिबा पॅलेसच्या बाजूने जाताना मला हे हमखास आठवतं. कारण तेव्हा ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी आमच्याकडे रत्नागिरीत आणून ठेवलेला होता, आणि ज्या आठवड्यात लंडनला ती मॅरेथॉन झाली, २४ जुलैला, त्याच आठवड्यात, २२ तारखेला, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना मुंबईत सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना ठेवलं मंडालेला, म्हणजे थिबाच्या राजधानीत. त्यांचा राजा आमच्याकडे, आमचा माणूस त्यांच्याकडे, आणि साहेब तिकडे राजवाड्यापासून फूटपट्टी घेऊन रस्ता मोजतोय. असले विचार आठव्या किलोमीटरला येतात. पंधराव्याला काहीच येत नाहीत.

बिबमुळे लिफ्ट बंद होते, पण तोंडं बंद होत नाहीत. लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवतात, पोरं हात पुढे करतात टाळी द्यायला, कोणी घरचं कोकम सरबत घेऊन उभं असतं, मीठ-जिरं घातलेलं, त्याच्यापुढे ते पुडीतलं एनर्जी जेल म्हणजे निव्वळ डिंक. आणि एक गृहस्थ बनियनवर, हातात ब्रश, तोंडात फेस, अत्यंत प्रेमाने सांगतात, "सावकाश जा हो, घाई नाही, पहिला आला तो आंघोळ करून न्याहारीला बसला असेल."

पण मला मोडलं ते खुर्चीने. पुस्तकात सगळं दिलेलं असतं, ग्लायकोजेन, म्हणजे अंगात साठवलेली साखर, संपतं, पाय जड होतात, मनाची तयारी ठेवा. परतीच्या वाटेवर एका आजींनी बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, बाहेर, फणसाच्या सावलीत, प्लास्टिकची लाल खुर्ची आणून ठेवली असेल याची तयारी कुठेही दिलेली नाही. आजी म्हणाल्या, "बस रे बाबा जरा. कोणी काय म्हणत नाही." मी बसलो नाही. पण खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जो उभा राहिलो तो दोन-अडीच मिनिटं सहज. तेवढ्यात त्यांनी कुठला, कोणाचा, आडनाव काय, सासुरवाडी कुठली हे सगळं काढून घेतलं आणि शेवटी निष्पन्न झालं की माझ्या मामीच्या माहेरची त्यांची ओळख आहे. पेसर तोपर्यंत दिसेनासा झाला होता.

मेडल घेऊन घरी आलो तर शेजारचे निवृत्त पीटीचे सर गेटातच. "कितवा नंबर?" आता साडेतीनशेच्या आसपास असं म्हणवत नाही, म्हणून मी म्हटलं पूर्ण केली सर. त्यांनी मेडल हातात घेतलं, उलटं करून बघितलं, वजन केलं. म्हणाले, "आपली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये गेली, दहावी आली. तिला मेडल नाही. तुला आहे." मग थोडा विचार करून, "आणि पैसे तूच दिलेस ना?" म्हटलं हो. "मग बरोबर."

आमचं घर जुनं, अंगणाला जांभ्याच्या सहा पायऱ्या. त्या मी आडवा होऊन, एक हात भिंतीला लावून चढलो. आई म्हणाली, पालखी नाचवून आलेली माणसंसुद्धा एवढी वाकडी होत नाहीत. पण पायऱ्यांचं काहीच नव्हे. जुन्या घरात संडासही जुना, भारतीय पद्धतीचा, मागच्या पडवीच्या टोकाला. खाली बसणं जमलं, कारण खाली जायला पृथ्वी मदत करते. उठायला कोणी नाही. मांड्या कामातून गेलेल्या. डाव्या हाताला नळ, उजव्या हाताला कडी, नळ धरला तर तो फिरायला लागला आणि बादली भरून वाहायला लागली, कडीला हात पोचेना. आतून मी हुं हुं असा आवाज करत तीन वेळा प्रयत्न केला. बाहेर पावलं वाजली, थांबली, आणि बायकोचा आवाज आला.

"अहो, घड्याळ लावलंत की नाही? बाहेर आणखी दोघं खोळंबलेत."